बीडहून मुंबई मॅरेथॉनला जाताना: सराव, तपासण्या आणि दमट हवेची तयारी

बीड जिल्ह्यात पळणाऱ्यांची कमी नाही. पोलीस भरती आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली प्रत्येक तालुक्यात दिसतात. आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६० मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या धावण्याबद्दलचे कुतूहल आणखी वाढले आहे. आता चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक, व्यापारी, शेतकरी आणि गृहिणीही विचारतात, "डॉक्टर, यंदा मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवू का?"

बहुतेकांसाठी उत्तर "हो, पण तयारीने" असे आहे. या तयारीत किलोमीटर सगळेच मोजतात, हवेचा विचार मात्र फार थोडे जण करतात. बीडच्या कोरड्या, थंड हवेत सराव केलेले शरीर मुंबईच्या दमट हवेत तसेच वागत नाही. हा फरक तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना आधीच माहीत असेल, तर बरेचसे धोके टाळता येतात.

ही स्पर्धा नेमकी किती मोठी?

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होत आहे. ती सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि अर्धमॅरेथॉन २१.०९७ किलोमीटरची असते. त्याशिवाय १० किलोमीटरची वेगळी शर्यतही असते. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन उजाडण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून सुटते. मरीन ड्राइव्ह आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू ही मार्गाची ओळख आहे. अनेक वर्षे परतीच्या टप्प्यात, पाय थकलेले असताना, पेडर रोडची चढण लागत आली आहे. मार्ग आणि वेळा बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपत्रिका वाचा.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ही धाव काही मिनिटांत संपते. पूर्ण मॅरेथॉनला हौशी माणसाला चार ते सहा तास लागतात. भरतीचा सराव चांगला झालेला तरुणही लगेच ४२ किलोमीटरसाठी तयार होतो असे नाही. पहिल्या वर्षी १० किलोमीटर, दुसऱ्या वर्षी अर्धमॅरेथॉन आणि त्यानंतर पूर्ण, हा क्रम शरीराला मानवतो.

दमट हवेत शरीराचे काय होते?

बीडमध्ये माठातले पाणी छान गार होते, कारण माठातून झिरपलेले पाणी कोरड्या हवेत लगेच वाळते आणि वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ इतका गार होत नाही. आपली त्वचाही या माठासारखीच काम करते. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. अंगावरून निथळून रस्त्यावर पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र शरीरातच राहते.

जानेवारीत बीडला पहाटे चांगलीच थंडी असते. त्याच वेळी मुंबईत तापमान साधारण १७ ते २० अंश असते आणि हवेत भरपूर ओलावा असतो. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पुढच्या दोन-तीन तासांत ऊन तापते आणि हौशी धावपटूचे शेवटचे, सर्वात अवघड किलोमीटर त्याच उन्हात येतात. सागरी सेतूवर वारा लागला की बरे वाटते, पण तेवढ्यावरून शरीर थंड आहे असे समजू नका.

शरीर उष्णतेशी जुळवून घेऊ शकते. रोज थोडा वेळ उष्ण हवेत व्यायाम केला तर १० ते १४ दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि तेवढ्याच वेगाला नाडी कमी पडते. ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरतेही. ऑक्टोबरच्या उन्हात कमावलेली सवय डिसेंबरच्या थंडीत निघून जाते आणि बीडचा धावपटू मुंबईत जवळजवळ कोरी पाटी घेऊन उतरतो.

म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी १० ते ११ च्या दरम्यान, हलक्या गतीने, ४५ ते ६० मिनिटे धावा. सोबत कोणीतरी असू द्या आणि पाणी ठेवा. घाम यावा म्हणून प्लास्टिकचा किंवा रबरी सूट घालू नका, तो धोकादायक आहे. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी हा उन्हातला सराव डॉक्टरांना विचारूनच करावा.

नाव नोंदवण्याआधी कोणत्या तपासण्या?

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर आधी डॉक्टरांना भेटा:

• वय ४० च्या पुढे आहे आणि आतापर्यंत नियमित व्यायाम नव्हता
• मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे
• तंबाखू, गुटखा, बिडी किंवा सिगारेटची सवय आहे
• धावताना छातीत दुखते किंवा दाब येतो, नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, चक्कर येते किंवा शुद्ध हरपते
• घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे

डॉक्टर सहसा रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि ईसीजी सांगतात. गरज वाटल्यास टूडी इको आणि ट्रेडमिल टेस्ट करतात. महिलांनी हिमोग्लोबिन जरूर तपासावे. "सराव करूनही दम जात नाही" या तक्रारीमागे अनेकदा रक्तक्षय निघतो आणि तो उपचाराने बरा होतो.

ईसीजी सामान्य आला म्हणजे कायमची हमी मिळाली असे नाही. महिन्यापूर्वीचा अहवाल चांगला असला तरी आज धावताना छातीत दाब येत असेल, तर आजच्या लक्षणालाच महत्त्व द्या.

धोका किती, हेही नीट समजून घ्या. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यात ५९ जणांचे हृदय धावताना किंवा शर्यत संपताच बंद पडले. म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. प्रमाण अगदी कमी आहे, पण त्या ५९ पैकी ४२ जण दगावले. जे वाचले त्यांच्या बाबतीत, शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात करणे फार मोलाचे ठरले.

नेहमीची औषधे चालू असतील तर

कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. मात्र शर्यतीच्या किमान एक महिना आधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांशी बोला.

मधुमेह: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर धावताना अचानक उतरू शकते. मात्रा किती बदलायची हे सरावाच्या दिवसांतच डॉक्टरांसोबत ठरवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते आणि कधी कधी रक्तात आम्ल साठते, म्हणून त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारा. धावण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. खिशात ग्लुकोज पावडर किंवा गुळाचे खडे ठेवा. पायाला जखम किंवा बधिरपणा असेल तर लांब पल्ला टाळा.

रक्तदाब: लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, पाणी आणि सोडियम दोन्ही कमी होतात. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्यांनी नाडी वाढत नाही आणि उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. अशा वेळी घड्याळातील नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. बोलता येईल इतक्याच वेगाने धावा.

वेदनाशामक: डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी गोळी शर्यतीच्या आदल्या दिवशी, त्या सकाळी किंवा धावताना घेऊ नका. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. गुडघा गोळीशिवाय साथ देत नसेल तर यंदा धावू नका.

सर्दीची गोळी: काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि नाडी वाढते. मागच्या आठवडाभरात ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर शर्यत सोडून द्या. नोंदणीचे पैसे गेले तरी चालतील.

सराव कसा आखावा?

न थांबता ८ ते १० किलोमीटर धावता येत असेल तर पूर्ण मॅरेथॉनसाठी त्यापुढे १६ ते २० आठवडे लागतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरुवात हवी. आठवड्यात चार दिवस धावणे, दोन दिवस पाय, पोट आणि कंबरेचे व्यायाम आणि एक दिवस पूर्ण विश्रांती पुरेशी आहे. बहुतेक धावणे सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या वेगाने करा. आठवड्यातून एक लांब धाव असावी. ती हळूहळू वाढवत २८ ते ३२ किलोमीटरपर्यंत न्या आणि दर चौथ्या आठवड्याला थोडी कमी करा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करत जा. राहिलेला सराव त्या दिवसांत भरून काढता येत नाही, उलट दुखापत होते.

पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावताना स्वतःला जपा. आपल्याकडे सरावाचे ऐन दिवस आणि उसाचा गाळप हंगाम एकाच वेळी येतात. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीला अनेकदा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा, चमकणारे जाकीट घाला, इयरफोन टाळा. शक्य असेल तेव्हा मैदान किंवा गावाकडचा कच्चा रस्ता निवडा.

पाणी किती प्यावे?

"जितके जास्त पाणी तितके चांगले" हा समज मॅरेथॉनमध्ये जिवावर बेतू शकतो. घामातून मीठही जाते. त्यात चार-पाच तास नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते आणि झटके येऊ शकतात. या स्थितीला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले, म्हणजे ज्यांनी घामापेक्षा जास्त पाणी प्यायले, त्यांना धोका अधिक होता. हळू धावणाऱ्यांना पाणी प्यायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे त्यांनी विशेष जपावे.

तुमचा घाम किती जातो हे घरीच मोजता येते. एक तास धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा आधी ६२ किलो आणि नंतर ६१.२ किलो भरले आणि धावताना ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात. ८०० ग्रॅम वजन घटले, त्यात प्यायलेले ३०० मिळवले, म्हणजे तासाला साधारण १.१ लिटर घाम गेला. हा सगळा घाम लगेच भरून काढायचा नसतो. बहुतेकांना तहानेप्रमाणे तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते. अंगाने लहान आणि हळू धावणाऱ्यांना त्याहूनही कमी लागते. एका तासाहून लांब धावेत काही वेळा ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्या. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा वाढलेले नसावे, ही साधी खूण लक्षात ठेवा.

शेवटचे दोन दिवस

बीड ते मुंबई हा जवळपास ४०० किलोमीटरचा प्रवास आहे. रात्रभर बसमध्ये बसून पहाटे थेट स्पर्धेला उभे राहू नका. शक्यतो शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळपर्यंत पोहोचा, पुरेशी झोप घ्या. दोन दिवसांत मुंबईच्या हवेची सवय होत नाही, पण प्रवासाचा शीण जातो.

जेवणात भात, पोळी, बटाटा, केळी वाढवा. आदल्या रात्री झणझणीत रस्सा, ठेचा, उसळी आणि बाहेरचे तळलेले टाळा. रोज भाकरी खाणाऱ्याने तेव्हाही भाकरी खाल्ली तर बिघडत नाही, फक्त नवीन काही खाऊ नका. सकाळी धावण्याच्या दोन-तीन तास आधी केळी, ब्रेड-जॅम किंवा सरावात पचलेले दुसरे काही खा. बूट आणि मोजे सरावातलेच वापरा.

छातीवरच्या क्रमांकाच्या मागे नाव, रक्तगट, आजार, औषधे आणि घरच्यांचा फोन नंबर नक्की लिहा.

शर्यतीत वेग कसा ठेवावा?

पहिले १० किलोमीटर बीडच्या सरावापेक्षा किलोमीटरमागे १५ ते ३० सेकंद हळू धावा. सुरुवातीला हवा बरी वाटते, गर्दीचा उत्साह असतो आणि पाय आपोआप पळतात. तिथे वाचवलेली ताकद शेवटच्या उन्हात आणि चढावर कामी येते. चढ आला की चालत गेले तरी कमीपणा नाही. अंगावर पाणी ओतल्याने थोडे बरे वाटते, पण वेग कमी करणे हाच शरीर थंड ठेवण्याचा खरा उपाय आहे.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर काटा येऊन थंडी वाजणे, पाय वेडेवाकडे पडणे, यांपैकी काहीही झाले तर थांबा आणि जवळच्या वैद्यकीय केंद्रात जा. "आता दोनच किलोमीटर उरलेत" हा विचार त्या वेळी मनात येतोच. तेव्हा काय करायचे हे घरून निघतानाच ठरवून ठेवा.

घरच्यांनी काय ओळखावे?

उष्माघात: माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो किंवा बेशुद्ध होतो आणि अंग तापलेले असते. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. आधी थंड करा, मग हलवा. वैद्यकीय पथकाला बोलवा, सावलीत आडवे करा, जादा कपडे काढा, बर्फाच्या पाण्यात बसवणे शक्य असेल तर बसवा. नसेल तर पूर्ण अंगावर थंड पाणी ओतत राहा, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

सोडियम कमी होणे: डोकेदुखी, मळमळ, उलट्या, हाताची बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, गोंधळलेले बोलणे. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका आणि कोणी घाईने सलाइन लावायला निघाले तर आधी सोडियम तपासायला सांगा.

साखर उतरणे: हात थरथरणे, गार घाम, गोंधळ. शुद्धीवर असेल तर लगेच ग्लुकोज द्या.

हृदय बंद पडणे: माणूस कोसळला, हाकेला उत्तर देत नाही, श्वास नीट नाही. मदतीसाठी ओरडा, १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. एईडी यंत्र मिळताच ते वापरा. हे कौशल्य काही तासांच्या प्रशिक्षणात शिकता येते. घरातील एकाने तरी ते शिकून घ्यावे.

शर्यत संपल्यानंतर

रेषा ओलांडताच बसू नका. १०-१५ मिनिटे सावकाश चाला, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. तहानेप्रमाणे प्या, काहीतरी खारट आणि पिष्टमय खा. लगेच गरम पाण्याने अंघोळ नको.

दुपारचीच गाडी पकडून बीडला निघायची घाई करू नका. सोडियम कमी होण्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात आणि ती घाटात, चालत्या बसमध्ये दिसली तर मदत मिळायला वेळ लागतो. जमल्यास ती रात्र मुंबईत काढा. निघावेच लागले तर एकट्याने जाऊ नका आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चाला. थकलेल्या पायांनी आठ-नऊ तास बसून राहिल्यास पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते.

पुढच्या दोन-तीन दिवसांत पाय दुखणे साहजिक आहे. मात्र काळपट किंवा कोलासारखी लघवी, लघवी फार कमी होणे, एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणे, धाप किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जवळ असेल तिथे जाऊन "मी मॅरेथॉन धावलो आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यामुळे डॉक्टरांना क्रिएटिनिन, सोडियम आणि स्नायूंच्या तपासण्या लगेच सुचतील.

मॅरेथॉन दरवर्षी येते. यंदा तब्येत, सराव किंवा हवा साथ देत नसेल तर छोटे अंतर निवडा किंवा पुढच्या वर्षी जा. तोपर्यंत रोजचे चालणे आणि धावणे चालू ठेवा. रक्तदाब, साखर आणि हृदयासाठी त्याचाच सर्वाधिक फायदा होतो.